वळिवड्याची छावणी आणि युक्रेनच्या सरहद्दी

जगाच्या इतिहासाच्या अभ्यासात युक्रेन हा देश आमच्या विद्यार्थ्यांना क्वचितच स्वतंत्रपणे भेटतो. रशियन राज्यक्रांतीच्या प्रकरणात त्याचा ओझरता उल्लेख येतो, पहिल्या महायुद्धानंतरच्या नकाशात त्याचे नाव शोधावे लागते, आणि दुसऱ्या महायुद्धात तर तो सैन्ये पुढे-मागे गेली ते एक विस्तीर्ण मैदान एवढाच उरतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ, पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया व रुमानिया यांच्या सरहद्दी ओलांडून मायदेशी परतले. त्या दिवसांत वर्गात एका विद्यार्थ्याने नकाशावर बोट ठेवून विचारले, "सर, ल्विव शहर पोलंडच्या इतके जवळ आहे, मग ते पोलंडमध्ये का नाही? ही रेघ कोणी ओढली?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका तासात देण्याजोगे नव्हते. ते उत्तर शोधताना मी जे वाचले त्यातील एक धागा थेट आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. तो धागा हाती धरूनच प्रस्तुत विषय वाचकांपुढे मांडावा असे मला वाटते.

कोल्हापूरजवळ मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ च्या मध्यापासून १९४८ पर्यंत या गावाच्या माळावर पोलिश निर्वासितांची एक मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत होती, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. कर्ते पुरुष सैन्यात गेलेले, तुरुंगात असलेले किंवा मरण पावलेले. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती, नाटके होत. खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारच्या नावावर पडे. त्याआधी १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला होता. ती हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. आपल्या महाराष्ट्रातील वळिवड्याची त्या मानाने कमी ठाऊक आहे.

आता मुख्य प्रश्न. ही माणसे 'पोलिश' म्हणून नोंदली गेली होती, परंतु त्यांची गावे कोठे होती? पुष्कळांच्या घरचे पत्ते व्होल्हिनिया, ल्वूव, तार्नोपोल, स्तानिस्लावूव या प्रांतांतले होते. हे सारे प्रांत आज युक्रेनमध्ये आहेत. उरलेल्यांपैकी अनेकांची घरे आजच्या बेलारूस व लिथुआनियात गेली. म्हणजे कोल्हापूरकरांनी ज्यांना 'पोलंडचे लोक' म्हणून पाहिले, त्यांच्यातील कित्येकांची गावे आज पोलंडच्या नकाशात सापडणार नाहीत. ही गोष्ट नीट समजली की युक्रेन आणि त्याचे शेजारी यांचा विसाव्या शतकातील इतिहास बराचसा उलगडतो.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना सरहद्द म्हणजे काय हे समजावून सांगणे एका अर्थी सोपे आहे. शिरूरहून घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. दौंडला भीमेवरचा पूल ओलांडला की श्रीगोंदे तालुका. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके तर भीमेनेच एकमेकांपासून वेगळे केले आहेत, आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा माणूस पारगावच्या पुलावरून जाताना आपण हद्द ओलांडली हे ध्यानातही आणत नाही. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना अलीकडे आणलेल्या. शेत एका काठावर, बाजार दुसऱ्या काठावर. आता कल्पना करा की एके वर्षी कुठल्या तरी दूरच्या शहरात तह झाला आणि भीमा ही दोन राज्यांमधील नव्हे, दोन शत्रुराष्ट्रांमधील सरहद्द ठरली.

युक्रेनमध्ये अशी एक नदी होती. तिचे नाव झ्ब्रूच. ती फार मोठी नाही. शतकाच्या आरंभी तिच्या पश्चिमेस ऑस्ट्रियाचे साम्राज्य होते, पूर्वेस रशियाचे. दोन्ही काठांवरील खेड्यांत युक्रेनियन बोलणारा शेतकरीच राहत होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दोन्ही साम्राज्ये कोसळली. किएव्ह येथे एक युक्रेनियन प्रजासत्ताक स्थापन झाले आणि १ नोव्हेंबर १९१८ रोजी ल्विव शहरात पश्चिम युक्रेनियनांनी सत्ता हाती घेतली. पण ल्विव शहरात बहुसंख्य पोलिश होते, त्यांच्या खालोखाल ज्यू, आणि सभोवारच्या खेड्यांत युक्रेनियन. शहर म्हणे आम्ही पोलंडचे, खेडी म्हणत आम्ही युक्रेनची. याच महिन्यात तेथे पोलिश-युक्रेनियन युद्ध पेटले. २२ जानेवारी १९१९ रोजी किएव्ह आणि पश्चिम युक्रेन यांच्या एकीकरणाची घोषणा झाली खरी, परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत पोलिश सैन्याने झ्ब्रूचपर्यंतचा मुलूख जिंकला.

पुढची घटना विचित्र वाटेल. १९२० च्या एप्रिलमध्ये युक्रेनचे नेते सिमोन पेतल्युरा यांनी याच पोलंडशी करार केला. पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला आणि बोल्शेविकांविरुद्ध पोलंडचे साह्य घेतले. मे महिन्यात दोघांच्या फौजा किएव्हमध्ये शिरल्या, जूनमध्ये मागे हटल्या. अखेर १८ मार्च १९२१ रोजी रिगा येथे पोलंड आणि सोव्हिएत पक्ष यांच्यात तह झाला. पेतल्युरांच्या सरकारला त्या तहात जागा मिळाली नाही. झ्ब्रूच पुन्हा सरहद्द झाली. पश्चिमेकडील युक्रेनियन पोलंडमध्ये, पूर्वेकडील सोव्हिएत संघात, काही रुमानियात, काही चेकोस्लोव्हाकियात, अशी एका समाजाची चार राज्यांत वाटणी झाली.

याच धामधुमीत, जुलै १९२० मध्ये, ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांच्या नावाने एक तडजोडीची रेषा सुचवण्यात आली होती. तिला 'कर्झन रेषा' म्हणतात. हे कर्झन म्हणजे १९०५ साली बंगालची फाळणी करणारे आपले माजी व्हाइसरॉयच. रेषा त्यांनी स्वतः बसून आखली असे नव्हे, पण नाव त्यांचे लागले. तेव्हा ती कोणीच मानली नाही. पंचवीस वर्षांनी मात्र, किरकोळ फेरफारांसह, तीच पोलंडची पूर्व सरहद्द झाली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात झ्ब्रूचच्या दोन काठांवर काय घडले ते निरनिराळे सांगितले पाहिजे.

पूर्व काठावर १९३२-३३ साली महादुष्काळ पडला. 'पडला' हे क्रियापद मी सवयीने वापरले. ते येथे चालत नाही. आपल्या शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात दुष्काळ म्हणजे पावसाने पाठ फिरवणे. १९७२ चा दुष्काळ ज्या घरांनी काढला त्या घरांतील वडीलधारी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या, चाऱ्यासाठी जनावरे दूर नेल्याच्या आठवणी सांगतात. त्यात हालअपेष्टा होत्या, पण काम मागायला जाता येत होते, गाव सोडता येत होते. युक्रेनमध्ये सामुदायिक शेतीच्या सक्तीनंतर सरकारने धान्यवसुलीचे आकडे इतके चढवले की बियाणेही उचलले गेले. ज्या गावांनी आकडा पुरा केला नाही त्यांची नावे काळ्या फलकावर लावून तेथे मीठ, रॉकेल, काडेपेटीसुद्धा पोचू दिली नाही. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने उपाशी शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर जाण्यास मनाई झाली. आगगाडीची तिकिटेही त्यांना मिळेनात. आजचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मृतांचा अंदाज सुमारे पस्तीस ते चाळीस लाख असा करतात. युक्रेनियन भाषेत याला 'होलोदोमोर' म्हणतात; उपासमारीने मारणे असा त्याचा अर्थ.

त्या वेळी झ्ब्रूचच्या पश्चिम काठावर, पोलंडमध्ये, असा दुष्काळ नव्हता. एकच हवामान, एकच काळी जमीन. ल्विवमधील युक्रेनियनांनी मदतसमिती स्थापन केली, पण दुष्काळच नाही असे म्हणणाऱ्या सोव्हिएत सरकारने मदत आत येऊ दिली नाही. नदीची रुंदी किती असते हे अशा वेळी समजते.

पश्चिम काठावरचा युक्रेनियन उपाशी नव्हता, पण सुखीही नव्हता. व्होल्हिनिया प्रांतात १९३१ च्या शिरगणतीत दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांनी मातृभाषा युक्रेनियन सांगितली. पोलिश सांगणारे सुमारे सोळा टक्के. तरीही कचेरी पोलिश, पोलीस पोलिश, आणि शाळाही बहुतांशी पोलिश किंवा द्वैभाषिक करण्यात आल्या. डिसेंबर १९२० च्या कायद्याने पोलिश सैनिकांना या पूर्व प्रांतांत जमिनी देऊन वसवले गेले. त्यांना 'ओसादनिक' म्हणत. जमिनीची भूक असलेल्या प्रदेशात बाहेरून आणून बसवलेल्या माणसाकडे गावकरी कोणत्या नजरेने पाहतात हे शेतकऱ्यांच्या मुलांना मी वेगळे सांगायला नको. ओसादनिकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. तो बहुधा स्वतः गरीब शेतकऱ्याचा मुलगा. देशासाठी लढला, सरकारने जमीन दिली, त्याने घाम गाळून घर उभे केले. त्याच्या मुलांचा जन्म त्याच मातीतला. मुलांना दुसरे गाव ठाऊकच नव्हते.

पूर्व गॅलिशियातील युक्रेनियनांनी या काळात जे उभे केले ते सहकारी चळवळीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्याने मुद्दाम पाहावे असे आहे. गावोगावी वाचनालये, पतपेढ्या, ग्राहक भांडारे. आणि 'मास्लोसोयुझ' हा दूध-लोण्याचा सहकारी संघ तर परदेशी लोणी पाठवीत असे. सरकारी नोकरी मिळेना म्हणून शिकलेली मुले सहकारात आली. पण दुसरीकडे १९२९ मध्ये व्हिएन्ना येथे युक्रेनियन राष्ट्रवाद्यांची एक गुप्त संघटना स्थापन झाली आणि तिने बाँब, जाळपोळ व खून यांचा मार्ग धरला. १९३० च्या उन्हाळ्यात पोलिश जमीनदारांच्या गंजी पेटल्या. उत्तरादाखल सरकारने शेकडो गावांत पोलीस व घोडदळ पाठवले. माणसांना फटके मारले, भांडारांतील माल नासवला, वाचनालये मोडली. गंजी लावणारे थोडे होते, फटके गावाला बसले. समेटाचा मार्ग धरणारेही होते. व्होल्हिनियाचे राज्यपाल हेन्रिक यूझेफ्स्की यांनी १९२८ पासून दहा वर्षे युक्रेनियनांना सोबत घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींनी शत्रू मानले आणि १९३८ मध्ये त्यांना तेथून हलवण्यात आले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला. १७ सप्टेंबरला लाल सेना पूर्व प्रांतांत शिरली. वळिवड्याची कहाणी येथून सुरू होते. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत, पहाटे, दारे ठोठावली गेली. पहिली पाळी ओसादनिकांची आणि जंगलखात्याच्या नोकरांची होती. थोड्या वेळात काय बांधता येईल ते बांधून कुटुंबेच्या कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत चढवण्यात आली. या एका फेरीत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे उत्तर रशिया व सायबेरियाकडे गेली. एप्रिलमध्ये अटक झालेल्यांची कुटुंबे कझाकस्तानात गेली. जूनमध्ये, आणि पुन्हा १९४१ च्या उन्हाळ्यात, आणखी गाड्या भरल्या. त्यांत पोलिशांबरोबर ज्यू, युक्रेनियन, बेलारूशियनही होते.

जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवर उलटला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ च्या करारानुसार या हद्दपार पोलिश नागरिकांना 'माफी' मिळाली. कोणत्या गुन्ह्याची माफी, हा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सोव्हिएत भूमीवर जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली. तिच्या मागोमाग बायकामुले दक्षिणेकडे सरकली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तेथून निर्वासितांची पांगापांग झाली. कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये, आणि कोणी कराचीच्या तात्पुरत्या तळावरून भारतात. वळिवड्याच्या बरॅकी अशा रीतीने भरल्या.

आणि ज्या उन्हाळ्यात त्या भरत होत्या, त्याच उन्हाळ्यात व्होल्हिनिया जळत होता. तेथे आता जर्मनांची सत्ता होती. तेथील ज्यू समाजाची कत्तल १९४२ अखेरपर्यंत जवळजवळ पूर्ण झाली होती. किएव्हजवळ बाबिन यार येथे तर सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. जर्मनांच्या मदतनीस पोलीस दलात असलेले हजारो युक्रेनियन तरुण १९४३ च्या वसंतात शस्त्रांसह पळून राष्ट्रवाद्यांच्या बंडखोर सेनेत सामील झाले. या सेनेच्या नेत्यांनी ठरवले की युद्ध संपून सरहद्दी आखल्या जाण्याआधी या भूमीवर पोलिश माणूस शिल्लक राहता कामा नये. ११ जुलै १९४३ या रविवारी कित्येक गावांवर एकाच वेळी हल्ले झाले, काही ठिकाणी माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जमली असताना. व्होल्हिनियात सुमारे पन्नास ते साठ हजार, आणि पूर्व गॅलिशिया धरून एक लाखाच्या आसपास पोलिश मारले गेले असे इतिहासकार मानतात. पोलिश पथकांच्या सूडात मेलेल्या युक्रेनियनांचा आकडा दहा ते वीस हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मार्च १९४४ मध्ये साह्रिन गावी त्यांनी केलेली कत्तल कुप्रसिद्ध आहे. पोलिश शेजाऱ्याला आपल्या कोठारात दडवणारे युक्रेनियनही होते, आणि त्यापायी आपल्याच लोकांकडून जिवाला मुकलेलेही.

सायबेरियात नेलेली माणसे थंडीने व उपासाने मेली. जी वाचली ती वळिवड्याला पोचली. मागे राहिली असती तर काय झाले असते? हद्दपारी ही शिक्षा होती, तिला उपकार म्हणणे क्रूरपणाचे होईल. तरीही व्होल्हिनियातील एखाद्या ओसादनिकाची मुलगी कोल्हापूरच्या उन्हात शाळेत बसली होती तेव्हा तिच्या गावात काय चालले होते, हे दोन नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

वर्गात एवढे सांगून झाल्यावर मला एका विद्यार्थिनीने विचारले, "मग चूक कोणाची?" अशा वेळी 'दोघांचीही' असे म्हणून तास संपवणे सोयीचे असते. मला ते मान्य नाही. १९३० ची पोलिश दडपशाही अन्यायाची होती, पण ती आणि १९४३ ची कत्तल एका तराजूत घालता येत नाही. लहान मुलांना कुऱ्हाडीने मारणे हे कोणत्याही जुन्या अन्यायाचे उत्तर होऊ शकत नाही. त्याचबरोबर, ती कत्तल 'युक्रेनियनांनी' केली असे म्हणणेही चूक. ती एका संघटनेने, तिच्या नेत्यांच्या निर्णयाने केली, आणि लाखो युक्रेनियन त्याच वेळी लाल सेनेत राहून जर्मनांशी लढत होते. कृत्याला कर्ता असतो, आणि तो नेमका शोधणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे. जातीचे किंवा भाषेचे नाव कर्त्याच्या जागी घातले की वाक्य सोपे होते आणि खोटे होते. आपल्या बेळगाव-निपाणीच्या प्रश्नावर बोलतानाही हे पथ्य पाळावे असे मला वाटते. तेथे सुदैवाने वाद न्यायालयात आणि विधिमंडळात आहे. असो.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्यांनी कर्झन रेषा मान्य केली. ल्विव सोव्हिएत युक्रेनकडे गेले, पलीकडचे पशेमिश्ल शहर पोलंडकडे राहिले. २०२२ मध्ये आपले पुष्कळ विद्यार्थी शेहिनी-मेदिकाच्या नाक्यावरून ज्या सरहद्दीपार गेले ती हीच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या निर्वासितांना घर नव्हतेच. आता सरकारही उरले नाही. 'पोलंडला परत जा' असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांनी कधी न पाहिलेल्या प्रदेशात जा असे सांगणे होते. काही गेले. बरेचसे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे पांगले. मोजक्या मुली भारतीयांशी विवाह करून येथेच राहिल्या.

तिकडे युक्रेनच्या सरहद्दीवर माणसांची अदलाबदल चालू होती. १९४४ ते १९४६ या काळात सुमारे पावणेपाच लाख युक्रेनियन पोलंडमधून युक्रेनमध्ये आणि जवळपास आठ लाख पोलिश व ज्यू युक्रेनमधून पोलंडमध्ये हलवले गेले. एवढ्याने भागले नाही. १९४७ च्या एप्रिलपासून पोलंडच्या साम्यवादी सरकारने उरलेल्या सुमारे एक लाख चाळीस हजार युक्रेनियन व लेमको लोकांना आग्नेय पोलंडमधून उचलून पश्चिम व उत्तरेकडे विखरून टाकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत सरकारने पश्चिम युक्रेनमधून बंडखोरांची कुटुंबे म्हणून सत्तर हजारांहून अधिक माणसे सायबेरिया व कझाकस्तानकडे पाठवली. १९४० मध्ये पोलिश शेजाऱ्यांना नेणाऱ्या गाड्यांच्या वाटेनेच आता युक्रेनियन गेले. क्रिमियाच्या तातारांना तर मे १९४४ मध्येच त्यांच्या भूमीतून उखडण्यात आले होते.

१९४७ हा आकडा आपल्याकडे वेगळ्या कारणाने पाठ आहे. फाळणीनंतर सिंधमधून हिंदू निर्वासितांचे लोंढे मुंबई इलाख्यात आले. गंमत अशी की पंजाब व बंगालप्रमाणे सिंधच्या छातीवरून रॅडक्लिफची रेषा गेलीच नव्हती. सबंध सिंध पाकिस्तानात गेला, आणि तरी माणसांना निघावे लागले. उल्हासनगर, पिंपरी येथे त्यांच्या वसाहती झाल्या हे आपण जाणतो. कोल्हापूरकडे आलेल्या सिंधी कुटुंबांना जागा मिळाली ती वळिवड्याच्या रिकाम्या होत असलेल्या पोलिश छावणीत. झ्ब्रूचकाठच्या माणसांनी सोडलेल्या खोल्यांत सिंधूकाठची माणसे राहायला आली. ती वसाहत म्हणजे आजचे गांधीनगर. पश्चिम महाराष्ट्रातील कापडाचे व्यापारी घाऊक खरेदीसाठी जेथे जातात तेच हे गांधीनगर.

दोन निर्वासितांच्या नशिबात फरकही आहे. सिंधी माणूस आपली भाषा घेऊन अशा देशात आला की ज्याने त्याला नागरिक मानले. वळिवड्याचा पोलिश माणूस पाच वर्षे पाहुणा होता आणि पाहुणा म्हणूनच गेला. म्हणून गांधीनगरचा बाजार आपल्याला दिसतो आणि छावणी दिसत नाही. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा शहरातही २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभारले गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. या स्मारकांची भाषा कृतज्ञतेची आहे, ते योग्यच आहे. पण त्या कृतज्ञतेत युक्रेन हे नाव ऐकू येत नाही. कोल्हापूरला आलेली माणसे कोणत्या गावांतून आली, तेथे त्यांचे शेजारी कोण होते आणि त्या शेजाऱ्यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय वळिवड्याची हकिकत अर्धीच राहते.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात. पॅरिसजवळ 'कुल्तुरा' हे मासिक चालवणारे परागंदा पोलिश संपादक येर्झी गिएद्रोयच यांनी अनेक वर्षे एक अप्रिय गोष्ट आपल्या वाचकांना सांगितली: ल्विव युक्रेनचे आहे हे पोलंडने मान्य करावे. वळिवड्यासारख्या छावण्यांतून गेलेल्या, तेथली घरे गमावलेल्या वाचकांना हे सांगणे किती अवघड असेल! पण तो विचार रुजला. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि दुसऱ्याच दिवशी मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत पोलंड होता. २००३ मध्ये दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी व्होल्हिनियातील पाव्लिव्का गावी एकत्र येऊन मृतांना अभिवादन केले. २०१६ मध्ये पोलिश संसदेने त्या कत्तलीला वंशसंहार म्हटले आणि संबंध पुन्हा ताणले. वंशसंहार ही संज्ञा घडवणारे राफाएल लेमकिन हे ल्विवच्या विद्यापीठातच कायदा शिकले होते. २०२२ मध्ये लाखो युक्रेनियन स्त्रिया व मुले त्याच सरहद्दीवरून पोलंडमध्ये आली आणि पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरांत घेतले.

जुने हिशेब मात्र मिटलेले नाहीत. मृतांची हाडे उकरून त्यांचे रीतसर दफन व्हावे ही पोलंडची मागणी युक्रेनने बरीच वर्षे अडवून धरली होती. युद्ध चालू असतानाच ती परवानगी मिळाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तेर्नोपिल प्रांतातील पुझ्निकी या ओस पडलेल्या गावी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून उत्खनन सुरू केले. तेर्नोपिल म्हणजे जुने तार्नोपोल. वळिवड्याच्या छावणीतील पुष्कळांच्या घराचा तोच पत्ता.

आपल्या दोन्ही तालुक्यांतून कोल्हापूर-पन्हाळा-जोतिबा अशा शैक्षणिक सहली निघतात. पुढच्या सहलीत एक सकाळ वळिवडे-गांधीनगरसाठी राखावी अशी माझी विनंती आहे. जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी युरोपचे तीन नकाशे, १९१४, १९३८ आणि १९४५ चे, स्वतःच्या हाताने काढून सोबत न्यावेत आणि प्रत्येकात ल्विव शहर कोणत्या देशात आहे ते रंगवावे. याच शहराला जर्मन लेंबर्ग म्हणत, पोलिश ल्वूव, रशियन ल्वोव. आपले दौंड इंग्रजांच्या जुन्या रेल्वे वेळापत्रकात 'धोंड' होते आणि शिरूरला घोडनदीही म्हणत आले, पण आपल्या नावांसाठी कोणी लढले नाही. गांधीनगरच्या पेठेत एखादे वृद्ध सिंधी गृहस्थ भेटले तर त्यांच्या घरात आधी कोण राहत होते, असे त्यांना विचारावे.